हे रिसीव्हरला कोणी सांगितलं?

स्क्रीनवर चार ठिपके दिसायला हवे होते आणि दिसत होतं एक कडं. गोल, सगळीकडून सारख्याच जाडीचं. टेबलावर डावीकडे ट्रान्समीटरचा बोर्ड, उजवीकडे रिसीव्हरचा डोंगल, मध्ये हातभर कोअ‍ॅक्सियल केबल आणि तिच्यात सिग्नल कमजोर करणारा ६० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर. हवेत काही सोडायचं तर परवान्याचे नियम आड येतात, म्हणून सगळं तारेतूनच चाललं होतं. सिग्नल ठणठणीत होता. नॉइज जवळजवळ नव्हताच. तरीही पाठवलेला एकही शब्द पलीकडे धड उमटत नव्हता.

टेलिकम्युनिकेशन शिकायला लागल्याचं ते माझं पाचवं वर्ष. मॉड्युलेशनची, म्हणजे लहरीवर माहिती चढवण्याची, समीकरणं मला तोंडपाठ होती. एफएमची बँडविड्थ काढ म्हटलं की हात आपोआप चालायचा. क्यूपीएसकेचा (लहरीच्या चार फेजांतून दोन-दोन बिट पाठवण्याच्या पद्धतीचा) बिट एरर रेट किती असतो, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं: बिटामागची ऊर्जा नॉइजच्या घनतेपेक्षा ९.६ डेसिबलने जास्त असेल तर १ लाख बिटांमागे १ चूक. पण त्या कड्याकडे बघताना समजलं, की या विषयाचा अर्धा भाग मी अजून पाहिलेलाच नाही.

त्याच्या दोनच आठवडे आधी मी पायथनमध्ये सिम्युलेशन करून गाईड मॅडमना दाखवलं होतं. यादृच्छिक बिट घेतले, दोन-दोनच्या जोडीने चार फेजांवर, म्हणजे लहरीच्या चार कोनांवर, बसवले, नॉइज मिसळला, पुन्हा बिट काढले, चुका मोजल्या. आलेख थिअरीच्या रेषेवर तंतोतंत बसला. मी खूश होते. मॅडमनी आलेखाकडे फारसं पाहिलंच नाही. त्यांनी कोड वाचायला घेतला आणि रिसीव्हरच्या पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी सिम्बॉलची, म्हणजे अशा एका जोडीची, सुरुवात शून्याव्या सॅम्पलला (मोजलेल्या नमुन्याला) धरली होती.

"हे रिसीव्हरला कोणी सांगितलं?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे फेज शून्य धरली होती. "आणि हे?" तिसऱ्या ओळीत अ‍ॅम्प्लिट्यूड (लहरीची उंची) १ धरलं होतं. "हे?" त्या रागावल्या नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, "तुझा रिसीव्हर पलीकडच्या खोलीत डोकावून उत्तर बघतोय. दोन बोर्ड घे आणि तारेने जोडून बघ."

म्हणून ते टेबल, ती तार आणि ते कडं.

कडं का आलं ते नीट सांगते, कारण मला वाटतं या विषयाचं खरं दार तिथेच आहे. रिसीव्हर येणाऱ्या लहरीला स्वतःजवळच्या लहरीने गुणतो, एकदा कोसाइनने आणि एकदा साइनने. त्यातून दर क्षणाला दोन संख्या मिळतात. त्यांना आय आणि क्यू म्हणतात. एक आडव्या अक्षावर मांडली, दुसरी उभ्या अक्षावर, की एक ठिपका मिळतो. क्यूपीएसकेमध्ये ट्रान्समीटर चारच फेज वापरतो, ४५, १३५, २२५ आणि ३१५ अंश. तेव्हा ठिपके चार कोपऱ्यांतच पडायला हवेत. पुस्तकातल्या आकृतीत ते तसेच पडतात.

यात कळीचा शब्द आहे 'स्वतःजवळची'. ट्रान्समीटरचा क्रिस्टल वेगळा, रिसीव्हरचा वेगळा. दोन्हीकडे सेटिंग ४३३ मेगाहर्ट्झचंच. पण स्वस्तातल्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत दहा-वीस भागांची तफावत सहज असते, शिवाय तो तापला की आणखी सरकतो. माझ्या दोन बोर्डांत फरक निघाला ६.२ किलोहर्ट्झचा, म्हणजे दहा लाखांत सुमारे १४ भाग. ऐकायला नगण्य. पण मी सेकंदाला १ लाख सिम्बॉल पाठवत होते. प्रत्येक सिम्बॉलमागे अख्खी आकृती २२ अंशांनी फिरत होती. ४५ अंश ओलांडले की ठिपका शेजारच्या चौकटीत जातो आणि बिट बदलतात. म्हणजे तिसऱ्या सिम्बॉलपासूनच सगळं चुकीचं. चार ठिपके होतेच, फक्त ते गरगर फिरत होते आणि हजारो एकावर एक छापले गेल्यावर त्यांचं कडं झालं होतं.

आता रिसीव्हरने ६.२ किलोहर्ट्झ हा आकडा शोधायचा कसा? प्रत्येक सिम्बॉलवर कुठली फेज पाठवली हेच तर त्याला माहीत नाही. फेज डेटामुळे बदलली की क्रिस्टलमुळे, हे वेगळं कसं करायचं? मॅडमनी एवढंच सुचवलं: "चौथा घात कर." मी केला. चौथ्या घातात कोन चौपट होतो, म्हणून चारही कोनांना चारने गुणून बघा: १८०, ५४०, ९००, १२६०. पूर्ण फेरे वजा केले की चारही १८० वर येतात. डेटा पुसला गेला! उरलं ते फक्त फिरणं, तेही चौपट वेगाने. फूरिए ट्रान्सफॉर्म घेतलं, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सी आहेत ते वेगळं काढलं, तर २४.८ किलोहर्ट्झवर एकच टोकदार सुळका उभा. चारने भागा, ६.२. तेवढं उलटं फिरवा.

कड्याचे चार ठिपके झाले. ते दृश्य मला आजही जसंच्या तसं आठवतं. थोडे जाडसर, हळूच एका बाजूला सरकणारे, पण चार.

ते हळूहळू सरकणं थांबवायला कोस्टास लूप लागतो. जॉन कोस्टास यांनी १९५६ साली त्याची मांडणी केली. कल्पना साधी आहे: ठिपका जवळच्या कोपऱ्यापासून किती अंश हललाय ते मोजा, त्याचा थोडासा भाग घेऊन स्वतःची लहर सरकवा, पुढच्या सिम्बॉलला पुन्हा तेच. 'थोडासा' म्हणजे नेमका किती, यावर मी पुढे वर्षं घालवली आहेत. त्याकडे शेवटी येते.

फ्रिक्वेन्सी जुळली, फेज जुळली, तरी वेळ राहतेच. सिम्बॉलच्या नेमक्या मध्यावर सॅम्पल घेतलं तर ठिपका नेटका, काठावर घेतलं तर दोन सिम्बॉलांची मिसळण. मध्य कुठे आहे हे सांगायला कोणी येत नाही, आणि पाठवणाऱ्याचं घड्याळ वेगळं असल्यामुळे मध्य सतत सरकतही असतो. गार्डनर यांची १९८६ ची पद्धत मला सगळ्यांत सुबक वाटते. दोन लागोपाठ सिम्बॉलांच्या मधलं सॅम्पल बघायचं. वेळ बरोबर असेल आणि सिम्बॉल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला असेल, तर ते मधलं सॅम्पल शून्याजवळ असणार. नसेल तर ते ज्या बाजूला झुकलंय त्यावरून आपण घाईत आहोत की उशिरात, ते कळतं. आणि यासाठी फेज आधी जुळलेली असण्याची गरज नाही.

एवढं झालं तरी एक कोडं उरतंच. चार ठिपक्यांची आकृती ९० अंशांनी फिरवली तर हुबेहूब तशीच दिसते. लूप चारपैकी कुठल्याही स्थितीत खुशाल स्थिरावतो आणि त्यातल्या तीन चुकीच्या असतात. आकृतीकडे कितीही वेळ बघत बसलं तरी हे सुटत नाही. इथे पाठवणाऱ्यालाच मदत करावी लागते. दोघांनी आधी ठरवलेलं काहीतरी तो मध्येच पाठवतो. इंग्रजीत त्याला प्रीअँबल, पायलट, ट्रेनिंग सिक्वेन्स, सिंक वर्ड अशी ढीगभर नावं आहेत. मी मनात सगळ्यांना एकच शब्द वापरते: खूण. मी या विषयाचा विचार करते मराठीत आणि लिहिते कोड इंग्रजीत, त्यामुळे असे शब्द माझ्याकडे साठले आहेत. एस्टिमेशनला मी 'अंदाज बांधणं' म्हणते, आणि तो शब्द मला मूळ शब्दापेक्षा खरा वाटतो. बांधावा लागतो, आयता मिळत नाही.

खुणेचा अर्थ समजला आणि मी अभ्यासक्रमातल्या जुन्या गोष्टी पुन्हा वाचायला घेतल्या. आधी ज्या आकड्यांची मी नुसती घोकंपट्टी केली होती, ते आता बोलायला लागले.

एफएम स्टीरिओ घ्या. डोंगलवर कुठलंही स्टीरिओ स्टेशन लावून डीमॉड्युलेट केलेल्या सिग्नलचा स्पेक्ट्रम, म्हणजे त्यातल्या फ्रिक्वेन्सींचा आलेख, बघा, कानाला कधीच ऐकू न येणारी एक रचना दिसते. शून्यापासून १५ किलोहर्ट्झपर्यंत डावा अधिक उजवा आवाज. मग मोकळी जागा, तिच्यात बरोबर १९ वर एक बारीक, स्थिर, सरळ रेघ. पुन्हा मोकळी जागा आणि २३ ते ५३ या पट्ट्यात डावा वजा उजवा, ३८ च्या दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला. प्रत्यक्ष ३८ वर मात्र कॅरिअर (माहिती वाहणारी मूळ लहर) नाही, तो दाबून टाकलेला असतो. स्टेशन जास्तीची माहिती पाठवत असेल तर ५७ वर आणखी एक उंचवटा. पदवीच्या परीक्षेत ही आकृती काढून मी मार्क मिळवले होते. पण १९ च का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

वजाबाकीचा आवाज काढायला रिसीव्हरला ३८ किलोहर्ट्झची लहर हवी, नेमक्या फेजची. ती कोण देणार? ३८ वरच पाठवली असती तर ती आवाजाच्या ऐन गर्दीत पडली असती, वेगळी गाळून काढणं अवघड. तीच निम्म्या फ्रिक्वेन्सीवर, १९ वर ठेवली तर दोन्ही बाजूंना चार-चार किलोहर्ट्झ मोकळे. साध्या फिल्टरने उचलता येते. उचला, दुप्पट करा, ३८ हातात. त्या रेघेसाठी एकूण डेव्हिएशनच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी सरकवण्याच्या मर्यादेच्या, सुमारे ९ टक्के हिस्सा खर्च होतो आणि तिच्यात आवाज असा काहीच नसतो. तो सगळा खर्च रिसीव्हरला एक गोष्ट सांगण्यासाठी आहे. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे डोळ्यांना दिसतं.

जीएसएम या मोबाइल पद्धतीचा बर्स्ट, म्हणजे एका खेपेला जाणारा तुकडा, तोही तसाच. १५६.२५ बिटांच्या खिडकीत खरा डेटा ११४ बिटांचा. त्याच्या मधोमध २६ बिट असे, की जे फोनला आधीपासून पाठ आहेत. माहीत असलेलीच गोष्ट पाठवायला एवढी जागा का, तर ते २६ बिट वाटेत किती वेडेवाकडे झाले यावरून वाटेचा अंदाज बांधता येतो. आणि ते मधोमध अशासाठी, की वाट बदलत असली तरी दोन्हीकडचा डेटा खुणेपासून फार लांब पडू नये. हे मी एकदा कागदावर चौकोन काढून स्वतःला समजावलं आणि त्यानंतर तो बर्स्ट मला कधीही पाठ करावा लागला नाही.

सगळ्यांत जास्त मी रमते ते फोन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत. विमानातून उतरून फोन चालू केला अशी कल्पना करा. त्या क्षणी त्याला काय माहीत असतं? टॉवर कुठे, माहीत नाही. फ्रेम (डेटाचा ठरावीक लांबीचा गठ्ठा) कधी सुरू होते, माहीत नाही. स्वतःचा क्रिस्टल किती चुकतोय, माहीत नाही. एलटीईमध्ये, म्हणजे फोर-जीमध्ये, टॉवरची बँडविड्थ १.४ मेगाहर्ट्झ आहे की २०, हेसुद्धा माहीत नाही. म्हणून पहिली खूण, दर ५ मिलिसेकंदांनी येणारी, कायम मधल्या ६२ सबकॅरिअरवरच (बँडच्या बारीक पट्ट्यांवरच) ठेवलेली असते. बँडविड्थ काहीही असो, मध्य सारखाच. ही खूण तीन प्रकारांची. फोन तिन्ही नमुने येणाऱ्या सिग्नलवर सरकवत बसतो आणि कुठेतरी एक जुळतो. वेळ मिळाली. दुसरी खूण १६८ प्रकारांची. दोन्ही मिळून ५०४ पैकी हा कुठला सेल, म्हणजे टॉवरचा कुठला टापू, ते कळतं, फ्रेमची सुरुवात कळते. मग त्या सेलचे पायलट कुठे असतील ते कळतं, त्यांच्यावरून वाटेचा अंदाज, आणि तेव्हा कुठे पहिला छोटासा संदेश वाचता येतो. त्या संदेशात टॉवर सांगतो, माझी बँडविड्थ इतकी. एका अज्ञानावर पाय ठेवून दुसरं अज्ञान ओलांडायचं, अशी ती चढण आहे. ज्यांनी तिची एकेक पायरी रचली त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

त्यानंतर फोन आपला क्रिस्टल टॉवरच्या फ्रिक्वेन्सीशी जुळवून घेतो. फोनने टॉवरच्या मानाने दहा लाखांत ०.१ भागापेक्षा जास्त चुकायचं नाही असा दंडक आहे. २ गिगाहर्ट्झला हे २०० हर्ट्झ होतात. एवढा अचूक क्रिस्टल फोनमध्ये बसवलेला नसतो. फोन ऐकून ऐकून अचूक होतो.

ओएफडीएम, म्हणजे अनेक सबकॅरिअरवर एकाच वेळी डेटा पाठवणं, शिकताना सायक्लिक प्रीफिक्स हा शब्द मला कोरडा वाटायचा. एलटीईत एक सिम्बॉल ६६.७ मायक्रोसेकंदांचा आणि त्याच्या शेपटाचा ४.७ मायक्रोसेकंदांचा तुकडा कापून पुढे चिकटवलेला. का? इमारतींवरून, डोंगरांवरून आपटून आलेले प्रतिध्वनी किती आणि किती उशिराचे, ते रिसीव्हरला ठाऊक नसतं. ४.७ मायक्रोसेकंदांत लहर सुमारे १,४०० मीटर जाते. तेवढ्या जास्त अंतरावरून वळसा घेऊन आलेला प्रतिध्वनीही मागच्या सिम्बॉलचा राडा पुढच्यात आणत नाही. आपलं वेळेचं गणित थोडं इकडेतिकडे झालं तरीही चालून जातं. सुमारे ७ टक्के वेळ खर्च करून विकत घेतलेली ही सवलत आहे.

या विषयात नव्याने येणारी मुलं मला विचारतात, सुरुवात कुठून करू, कुठली भाषा शिकू, फाइव्ह-जीचा कोर्स करू का. माझं ठाम मत आहे की संभाव्यता आधी शिका. सर्किटं मागून येतील. याचं कारण मला एन्कोडिंग, म्हणजे चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून जास्तीचे बिट जोडणं, शिकताना समजलं.

गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली सिद्ध केलं, की प्रत्येक चॅनलची, म्हणजे सिग्नलच्या वाटेची, सेकंदाला किती बिट जातील याची एक मर्यादा असते. तिच्या आत राहून पाठवलं तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात. ३,१०० हर्ट्झची टेलिफोनची तार घ्या, सिग्नल नॉइजच्या हजारपट धरा, मर्यादा येते सेकंदाला सुमारे ३१,००० बिट. शॅनन यांनी मर्यादा दाखवली, पण तिथवर पोचायची व्यवहारात परवडेल अशी वाट दाखवली नाही. ती वाट शोधण्यात पुढची ४५ वर्षं गेली. गॅलॅगर यांनी १९६० साली आपल्या प्रबंधात एलडीपीसी कोड मांडले, पण तेव्हाच्या यंत्रांना ते गणित झेपणारं नव्हतं आणि काम तीसेक वर्षं जवळपास विस्मरणात गेलं. १९९३ मध्ये बेरू, ग्लाव्हियू आणि थितिमाजशिमा यांनी टर्बो कोड मांडले, ते मर्यादेच्या इतके जवळ पोचले की जाणकारांना सुरुवातीला विश्वास ठेवणं जड गेलं. त्यानंतर गॅलॅगर यांचे कोडही पुन्हा उजेडात आले. आज फाइव्ह-जीचा डेटा त्यांच्यावरच चालतो.

या दोन्ही कोडांच्या पोटात एकच युक्ती आहे, ती समजली तेव्हा मला फार आनंद झाला होता. ठिपका रेषेच्या अगदी जवळ पडला तर माझा जुना रिसीव्हर ठोकून सांगायचा: हा १ आहे. खरं तर त्याला म्हणायला हवं होतं: १ वाटतोय, पण खात्री थोडीच आहे. ही खात्री संख्येत मांडता येते. १ असण्याची शक्यता भागिले ० असण्याची शक्यता, आणि त्याचा लॉगरिदम. मोठी धन संख्या आली तर पक्का १, मोठी ऋण आली तर पक्का ०, शून्याजवळ आली तर सांगता येत नाही. डीकोडर या संख्या एकमेकींशी ताडून बघतो. खात्रीचे बिट डळमळीत बिटांना आधार देतात, फेरीमागून फेरी, आणि हळूहळू सगळे एका बाजूला झुकतात. साध्या कन्व्होल्युशनल कोडमध्येही (मागच्या काही बिटांवरून जास्तीचे बिट बनवणाऱ्या) नुसतं ० किंवा १ न म्हणता खात्री पुढे पाठवली तर सुमारे २ डेसिबलचा फायदा मिळतो. दोन डेसिबल म्हणजे ट्रान्समीटरची दीडपटीहून जास्त पॉवर. रिसीव्हरने आपलं अज्ञान प्रामाणिकपणे पुढे कळवलं, एवढ्यावर ती मिळते.

म्हणून संभाव्यता. आणि कॉम्प्लेक्स संख्या. ऋण फ्रिक्वेन्सी म्हणजे काय हे मला चार वर्षं कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं. कडं उलट्या दिशेने फिरताना पाहिलं आणि प्रश्न संपला.

या सगळ्यावरची सगळ्यांत मोठी गोष्ट मी नवीन मुलांना नेहमी सांगते, ती हॉयगन्सची. शनीच्या टायटन या चंद्रावर उतरण्यासाठी हॉयगन्स हे यान कॅसिनी या मोठ्या यानाच्या पाठीवर बसून १९९७ मध्ये निघालं. उतरताना हॉयगन्स बोलणार, कॅसिनीवरचा रिसीव्हर ऐकणार आणि मग पृथ्वीकडे पाठवणार, अशी योजना. दोघांमधला सापेक्ष वेग सेकंदाला साडेपाच किलोमीटरच्या आसपास. म्हणजे डॉप्लरमुळे (वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते त्यामुळे) दहा लाखांत सुमारे १८ भागांची तफावत, जवळपास माझ्या त्या दोन बोर्डांइतकीच! कॅरिअर सरकणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्याची सोय होती. पण डॉप्लर अख्ख्या सिग्नललाच ताणतो किंवा आवळतो. कॅरिअर सरकतो तसा बिटांचा वेगही त्याच प्रमाणात सरकतो. त्यासाठीचा लूप इतका अरुंद, म्हणजे इतक्या छोट्या फरकांपुरताच, ठेवला होता की त्याला ही तफावत पकडता येणार नव्हती. आणि यान अंतराळात असताना तो बदलायची सोय नव्हती.

हे २००० साली लक्षात आलं. यान वाटेत होतं. बोरिस स्मेड्स नावाच्या इंजिनिअरने आग्रह धरला, की हॉयगन्सचा सिग्नल पृथ्वीवरून डॉप्लरसकट कॅसिनीला पाठवून बघायचा. नुसता कॅरिअर पाठवायची चाचणी सोपी होती. त्यांनी डेटासकट, सरकलेल्या बिट वेगासकट पाठवला आणि दोष सापडला. रिसीव्हर बदलता येत नव्हता, म्हणून कॅसिनीचा मार्गच बदलला. टायटनपासून सुमारे १,२०० किलोमीटरवरून जाण्याऐवजी ६०,००० किलोमीटरवरून, म्हणजे हॉयगन्सच्या खाली जाण्याच्या रेषेला बराचसा आडवा, जेणेकरून डॉप्लर कमी पडेल. १४ जानेवारी २००५ ला हॉयगन्स उतरलं आणि टायटनच्या जमिनीचं छायाचित्र आलं. एका लूपच्या रुंदीसाठी यानाची कक्षा वळवली, हे वाचलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

आता मी नोकरीत रोज हेच करते, बेस स्टेशनच्या (मोबाइल टॉवरच्या) रिसीव्हरचं सॉफ्टवेअर. पण संध्याकाळी माझ्याकडे माझा जुना डोंगल असतो आणि काही रेकॉर्ड केलेल्या फाइली. त्यातली सगळ्यांत लाडकी मेटिऑर-एम एन-२ या रशियन हवामान उपग्रहाची. हा उपग्रह २०२२ च्या शेवटी बंद पडला, पण त्याची फाइल माझ्याकडे आहे. सुमारे ८२० किलोमीटर उंची, १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास क्यूपीएसके, सेकंदाला ७२,००० सिम्बॉल. अँटेना म्हणजे ५३-५३ सेंटिमीटरच्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या, १२० अंशांच्या कोनात लाकडी पट्टीला बांधलेल्या. सेकंदाला २,८८,००० सॅम्पल, म्हणजे सिम्बॉलमागे बरोबर चार. निदान कागदावर बरोबर चार. उपग्रह क्षितिजावरून वर येताना डॉप्लर कॅरिअरला साधारण ३ किलोहर्ट्झ वर ढकलतो, आणि सेकंदाला दीडेक सिम्बॉल जास्तीचे येतात. हॉयगन्सचीच गोष्ट, घरच्या छतावर.

या उपग्रहाची खूण ३२ बिटांची, हेक्समध्ये (सोळा अंकांच्या पद्धतीत) १एसीएफएफसी१डी. दर १,०२४ बाइटांच्या सुरुवातीला ती येते. तीही कोडमधून जाऊन दुप्पट लांब होते, म्हणून शोधायचं तिचं ६४ बिटांचं रूप, चारही फिरवलेल्या स्थितींत. ती पहिल्यांदा सापडली तेव्हा मी आकडे छापत होते: ३१, ३४, २९, ३३, ३२, ६१. चौसष्टपैकी एकसष्ट. त्याआधीचे सगळे निव्वळ योगायोगाचे. पुढची कुठे असेल ते मोजून तिथेच पाहिलं. ६३.

पासच्या, म्हणजे उपग्रह छतावरून जाण्याच्या एका फेरीच्या, मधल्या आठ मिनिटांत चित्र स्वच्छ येतं, ढगांचे भोवरे, किनारा, सगळं. शेवटच्या दीड मिनिटात उपग्रह क्षितिजाला टेकतो, सिग्नल मध्येच गायब होऊन पुन्हा येतो, आणि तेवढ्यात कोस्टास लूप ९० अंशांनी घसरतो. चित्रात काळा पट्टा पडतो. लूप रुंद केला, म्हणजे तो 'थोडासा' भाग वाढवला, तर तो लवकर सावरतो, पण नॉइजही तितकाच आत घेतो आणि ठिपके पसरतात. अरुंद केला तर ठिपके नेटके, पण एकदा निसटला की परत यायला पाव सेकंद. मी गेले काही दिवस त्याच दीड मिनिटावर आहे. सिग्नल पडल्यासारखा वाटला की लूप गोठवायचा, शेवटचा माहीत असलेला वेग धरून फेज पुढे नेत राहायची आणि सिग्नल परतला की तिथूनच उचलायचं, असं काल लिहून पाहिलं. सिग्नल पडलाय हे मी ठिपक्यांच्या पसरण्यावरून ठरवते आहे, त्यामुळे निर्णय सुमारे ४० सिम्बॉल उशिरा होतो. काळे पट्टे अकरावरून चारवर आलेत. उरलेल्या चारांपैकी दोन ठिकाणी ठिपके पसरलेलेच नाहीत, तरी खूण सापडत नाही. तिथे बहुधा फेज नाही, वेळेचा लूप एक सिम्बॉल घसरला असावा. आज रात्री आधी तो छापून बघणार आहे.